गाडीपुढे चालणारे म्हस्कूतात्या

धरणी सर्वांचा भार सारख्याच मायेने वाहते.

हे वाक्य आमच्या बारामतीच्या ऑफिसात, साहेबांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. खाली नांगर ओढणाऱ्या बैलांचं चित्र होतं. नीट मोजलं तर त्यातल्या एका बैलाला पाच पाय निघत. रंगवणारा पेंटर सायकलवरून हिंडायचा, त्यामुळे त्याच्यापुरतं ते वाक्य खरंही असेल. पण डिझेलची जुनी जीप, आत चार माणसं आणि मागे मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या एवढा भार घेऊन जो इंदापूर तालुक्यात हिंडला आहे, तो असलं काही भिंतीवर लिहिणार नाही. धरणी काही ठिकाणी भार वाहते आणि काही ठिकाणी गिळते. दोन्ही ठिकाणं वरून सारखीच दिसतात. हे मला म्हस्कूतात्यांनी शिकवलं, आणि शिकताना माझी जितकी घाबरगुंडी उडाली तितकी त्याआधी कधी उडाली नव्हती, नंतरही नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आमचं ऑफिस गावोगावच्या जमिनीचे नमुने गोळा करायचं. लोक त्याला ‘मातीचं हापिस’ म्हणत. मी तिथे नवा अधिकारी होतो. माती या विषयाची पदवी माझ्याकडे होती. चिमूटभर माती बोटांत चोळून तिच्यात चिकण किती, वाळू किती हे मी सांगू शकत असे, आणि विचारलं नाही तरी सांगत असे. तात्या ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. उंच, काटकुळे, मिशा पांढऱ्या, आवाज माळावर हाक मारायला घडवलेला. त्यांचं घराणं मेंढपाळांचं. वडिलांनी कळप विकून डाळजजवळ शेती धरली आणि तात्या सरकारी नोकरीत आले. त्याबद्दल विचारलं की म्हणत, “मेंढरं गेली, जीप आली. हाकायचं काम त्येच. फकस्त ही वरडत न्हाय, गपचीप रुतती.”

त्यांची एक रीत होती. डांबरी रस्ता संपला की ते गाडी उभी करत. डोक्यावरची खाकी टोपी काढून पुढच्या कप्प्यात ठेवत. सीटखालून लाल पटका काढून तो सावकाश डोक्याला बांधत. चपला काढून सीटवर ठेवत, मागून काठी घेत आणि अनवाणी पायांनी पुढची सगळी वाट चालून येत. वाट दोनशे पावलं असो की अर्धा मैल, चालायची म्हणजे चालायची. मग परत येऊन तळवे झाडत, आत बसत आणि म्हणत, “एकदा पायानं, मग चाकानं.”

जीपमध्ये ताटकळत बसलेला माणूस सहसा चिडतो. मी मात्र भारावलो. मी दौऱ्याच्या वहीत ‘चालक अत्यंत दक्ष’ असा शेरा लिहिला. ऑफिसात नवीन कोणी आलं की मी त्याला तात्यांची रीत ऐकवायचो. पुस्तकी ज्ञान आणि मातीतलं ज्ञान यांवर दोन वाक्यंही बोलायचो. ती मला फार आवडायची.

मग एके दुपारी आम्ही सणसरहून परत येत होतो. रस्ता सरळ, मोकळा, ऊन स्वच्छ. तात्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि हॉर्न दिला. पुढे कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा हॉर्न दिला. मग डोकं बाहेर काढून ओरडले, “ए म्हातारे, सरक की कडंला!”

म्हातारी सरकली नाही. तो मैलाचा दगड होता, आणि त्याला नुकताच चुना लावलेला होता.

“तात्या,” मी म्हणालो, “दगड आहे तो.”

“नक्की?”

“त्याच्यावर आकडा लिहिलाय.”

तात्यांनी गाडी बाजूला घेतली. 

“आकडा दिसतू व्हय तुमास्नी हितनं?”

“दिसतो.”

“मग झालं,” ते म्हणाले. “सायब, चौदा म्हैनं राह्यलेत माजं.”

मग सगळं बाहेर आलं. उजव्या डोळ्यापुढे दोन वर्षांपासून ताकासारखं पांढरं दिसत होतं. डाव्यातही मोतीबिंदू उतरत होता. लांबचं आता फक्त हलणारं आणि रंगाचं तेवढं कळे. आमच्याकडे ड्रायव्हरचे डोळे एकदाच तपासत, अपघात झाल्यावर. तात्यांच्या नावावर सव्वीस वर्षांत अपघात नव्हता, गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. म्हणून तपासणी नव्हती, आणि म्हणून ते अजून ड्रायव्हर होते.

“ऑपरेशन करून घ्या ना,” मी म्हणालो.

“आपरेशनला सुट्टी लागती. सुट्टीला कारण लागतं. परत येताना डाक्टरचा कागद लागतू. कागदावर डाक्टरनं न्हाय म्हटलं तर? दारापाशी इस्टुलावर बसवत्याल, न्हायतर घरी धाडत्याल. मला डायवर म्हनूनच जायचं हाय, सायब.”

मला एकदम सगळ्या वाटा आठवल्या. ज्या अनवाणी चालण्यावर मी दोन सुंदर वाक्यं तयार केली होती, त्याचं साधं कारण असं होतं की गाडीत बसून त्यांना पुढचं काहीच दिसत नव्हतं. गेले चार महिने मी खडकांतून, ओढ्यांतून आणि घळींच्या कडेने एका अर्धवट आंधळ्या माणसाच्या शेजारी बसून, मोठ्या समाधानाने फिरत होतो.

नियमाने मी वर कळवायला हवं होतं. कळवलं नाही. त्याला दया म्हणावं की भित्रेपणा, हे मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्याकडे मोटारीचं लायसन होतं, ते पुण्यात मामांच्या गाडीवर काढलेलं. अधिकाऱ्याने सरकारी गाडी चालवायची नाही असा दुसरा एक नियम होता. एक मोडलाच होता, तेव्हा तात्यांनी दुसराही मोडायला लावला. दुसऱ्या दिवशी डांबर संपल्यावर त्यांनी टोपी काढली, पटका बांधला, चपला सीटवर ठेवल्या आणि म्हणाले, “सरका इकडं. आता मी म्होरं, तुमी मागं.”

माझी भीती संपली नाही, तिने फक्त सीट बदलली.

आमच्या जीपला गिअरचे दोन दांडे होते. मोठा नेहमीचा. छोटा चारही चाकांना ताकद देणारा, आणि आणखी मागे ओढला की ती ताकद हळू आणि दांडगी करणारा. पण नुसता दांडा टाकून भागत नसे. पुढच्या चाकांच्या मधोमध पेल्याएवढ्या गोल चकत्या होत्या. खाली उतरून त्या हाताने फिरवायच्या, मगच पुढची चाकं ओढायला लागत. तात्या त्यांना कान म्हणत. “कान पिळल्याबिगर म्होरची दोगं कामाला लागत न्हायत. आनि चिखलात गेल्यावर पिळू म्हनाल तर हात कोपरापत्तूर चिखलात. कान कोरड्यात पिळायचं.”

पहिला धडा सणसरच्या उसातला. कॅनॉलचं पाणी झिरपून तिथली गाडीवाट वर्षभर ओली असे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी तिच्यात गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. तात्यांनी काठीने माझ्या अंगठ्यावर टोला दिला.

“आंगठं भायेर!”

“काय?”

“आंगठं आतनं काडा. चाक दगडावर चढलं की हे स्टेरिंग गरकन फिरतं. आंगठा आडकला तर मोडून हातात येतू. ह्यो बगा.” त्यांनी आपला डावा अंगठा दाखवला. तो जरा भलत्याच दिशेला बघत होता. “ह्येला अपघात म्हनत न्हायत. गाडीला काय झालं न्हवतं, मला झालं.”

मग ते पुढे चालू लागले. मी गाडी पहिल्यात टाकली. चिखलात गेल्याबरोबर मागचा भाग घसरला, मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, चारही चाकं जागेवर फिरली आणि चिखलाचा एक लांबलचक फवारा तात्यांच्या पाठीवर गेला. गाडी बसली.

तात्या परतले. पाठ पुसली नाही. “किती टक्के चिकन हाय ह्यात?” त्यांनी विचारलं.

“पंचावन्न,” मी म्हणालो.

“बगा. तुमाला सगळं ठावं हाय, तरीबी रुतलासा.”

तिथे त्यांनी मला रुतल्यावर काय करायचं ते शिकवलं. आधी पाय उचलायचा. चाक जितकं फिरवाल तितकं ते स्वतःचा खड्डा खणतं. चाकांतली हवा थोडी कमी करायची, म्हणजे चाक चपटं होऊन जास्त जागा धरतं. पुढे जाण्याचा हट्ट सोडून, आलो त्याच चाकोरीतून उलटं मागे जायचं, कारण त्या वाटेने गाडी एकदा पेलली आहे हे माहीत असतं. आणि तेही जमलं नाही तर झाडाच्या फांद्या तोडून चाकाखाली घालायच्या. “फांदी लई कामाची. चाकाला चावायला कायतरी पायजे.” ही फांदी लक्षात ठेवावी. मीही ठेवली. ठेवली नसती तर बरं झालं असतं.

दुसरा धडा सुप्याच्या बाजूच्या माळावर. एका मुरमाड टेकडीवरून थेट खाली उतरायचं होतं. वरून बघितलं तर बॉनेटच्या पुढे आभाळच होतं, जमीन नव्हती. तात्या आधी खाली जाऊन, वर चढून आले.

“ल्हान दांडा मागं. मोठा पयल्यात. आनि बिरेक न्हाय, क्लच न्हाय.”

“ब्रेक नाही?”

“बिरेक दाबला की चाक थांबतं, गाडी थांबत न्हाय. मग ती घसरगुंडी. क्लच दाबला तर मोकळीच सुटंल. काय करायचं न्हाय. इंजनाला धरू द्या तिला.”

“आणि माझे पाय?”

तात्यांनी विचार केला. “वर घ्या. मांडी घालून बसा.”

सुप्याच्या त्या उतारावर मी सरकारी जीपच्या ड्रायव्हरच्या सीटवर पंगतीला बसल्यासारखा मांडी घालून बसलो होतो, दोन्ही अंगठे बाहेर काढून. गाडी गुरगुरत, पावलापावलाने, स्वतःच्या अकलेने खाली उतरत होती. आणि तिच्यापुढे दहा हातांवर, गाडीकडे पाठ करून, काठी टेकत तात्या चालत होते. चाक एका दगडावरून सुटलं असतं तर गाडी आधी त्यांच्या अंगावर गेली असती. मी ओरडलो, “तात्या, बाजूला व्हा! मागे तरी बघा!”

“बगून काय दिसनार हाय मला?” ते चालता चालता म्हणाले. “तुमी पटक्याकडं बगा.”

खाली पोचल्यावर मला मांडी सोडता येईना. पाय बधिर झाले होते, की मी बधिर झालो होतो, कोण जाणे. तात्यांनी मला हाताला धरून उतरवलं आणि म्हणाले, “भ्यालासा का?”

“हो.”

“ब्येस. जो भीत न्हाय त्येच्या गाडीत मी बसत न्हाय.”

ते स्वतःही भीत. हे मला हळूहळू कळलं.  घाटातल्या ट्रकला घाबरत नसत, ओढ्याच्या पुराला घाबरत नसत. घाबरत ते ओरखड्याला. एका ओरखड्यामागून चौकशी येणार, चौकशीमागून डॉक्टर. रोज संध्याकाळी ते गाडीभोवती फिरून पत्र्यावर तळहात फिरवत. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून हाताने बघत. ऑफिसच्या फाटकाच्या दोन वळणं अलीकडे आम्ही जागा बदलायचो. ती दोन वळणं त्यांना पाठ होती. फाटकातून ते टोपी घालून, ताठ बसून, रुबाबात गाडी आत आणत. महिने असे एकेक करून सरले. चौदाचे चार राहिले.

तेव्हा उन्हाळा होता आणि उजनीचं पाणी उतरत होतं. धरणाचं पाणी मागे हटलं की डाळजच्या खाली मैलभर गाळाची जमीन उघडी पडते. लोक तिच्यावर घाईघाईने पीक घेतात, कलिंगडं, काकड्या, चाऱ्याचा मका. तिला गाळपेर म्हणतात. त्या गाळाचे नमुने घ्यायचे होते. वरून जमीन कशी, तर वाळलेली, भेगाळलेली, परातीसारखी सपाट. भीती वाटावी असं तिच्यात काही दिसत नाही, म्हणून तात्यांना तिची सगळ्यात जास्त भीती.

“हितं डोळं कामाचं न्हायत,” ते म्हणाले. “तुमचंबी न्हायत. तळवं पायजेत. चपला काडा.”

त्यांनी मला गाळावर अनवाणी चालायला लावलं. खालपर्यंत वाळलेला गाळ उन्हाने पायाला चटके देतो. वर नुसता पापुद्रा आणि खाली राबडी, म्हणजे पातळ चिखल, असली की तोच गाळ पायाला गार लागतो. “ऊन लागलं, चला. गार लागलं, फिरा. आनि एकदा गाडी गाळात घातली की थांबायचं न्हाय. थांबली की बसली.”

त्या दिवशी ते बरेच पुढे, पलीकडच्या काठाशी गेले आणि मी पटक्याच्या रोखाने गाडी काढली. मध्येच मी थांबलो. का, ते विचारू नये. पक्षी बघत होतो. गाडी बसली. आजूबाजूला झाड नव्हतं, झुडूप नव्हतं. फक्त वीसेक पावलांवर लिंबाचा एक वाळका फाटा जमिनीत रोवलेला होता आणि त्याला लुगड्याची चिंधी बांधलेली होती. कोणाचा तरी नवस असणार, असं मी ठरवलं. मी काही श्रद्धाळू माणूस नाही. अंधश्रद्धेचा निदान चाकाखाली तरी उपयोग व्हावा, असा एक विनोदही मला त्या वेळी सुचला होता. मी फाटा उपटला, मोडला, चाकाखाली घातला. चाकाने तो चावला, गाडी निघाली, फाट्याचा भुगा गाळात गेला. पलीकडे पोचल्यावर तात्यांनी विचारलं, “कसं काय निगालासा?” मी म्हणालो, “फांदी घातली.” ते खूश झाले.

आठवड्याने पुण्याहून मोठे साहेब गाळपेर बघायला आले.

मोठे साहेब म्हणजे पांढरा सफारी, पांढरे बूट आणि मागे चार माणसं. वळवाचा एक पाऊस होऊन गेला होता. पलीकडच्या काठावर गावकऱ्यांनी छोटा मांडव घातला होता. हार, नारळ, फोटोग्राफर, सगळं तिकडे. साहेबांची मोटार डांबरी रस्त्यावरच राहिली. साहेब आमच्या जीपमध्ये पुढे बसले आणि म्हणाले, “चला ड्रायव्हर.”

मी म्हणालो, “सर, पाऊस झालाय. आपण काठाकाठाने चालत गेलो तर?”

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बूट जिंकले.

“फोर व्हील आहे ना ही? मग?” ते म्हणाले. “किती वर्षं सर्व्हिस झाली ड्रायव्हर?”

“सत्तावीस हुतील, सायब.”

“अपघात?”

“एकबी न्हाय.”

“मग?” साहेब पुन्हा म्हणाले, आणि हात बांधून बसले.

आता गाडी तात्यांनाच चालवायची होती. ते कान पिळायला उतरले. पलीकडच्या चाकाशी मी वाकलो होतो. बॉनेटच्या आडून ते मला ऐकू येईल एवढंच पुटपुटले, “म्होरं तुमी चाला. मधी एक हीर हाय. धरनाच्या आदीची, दगडी बांदलेली. आमची मेंढरं पानी प्यायची तितं. आता गाळानं भरलीया, पर आत राबडीच हाय, बैलगाडी सबंद जाईल एवडी. लोकांनी खून म्हनून लिंबाचा फाटा रोवलेला असतू, चिंधी बांदून. तो डाव्या हाताला सोडा.”

माझ्या हातातली चकती हातातच राहिली.

“तात्या, तो फाटा मी उपटला.”

“कवा?”

“मागच्या सोमवारी. चाकाखाली घातला.”

मी उभा राहून समोर पाहिलं. मैलभर सपाट गाळ. पावसानंतर कोणाचा तरी कळप त्यावरून गेला होता आणि इकडून तिकडे, सगळीकडे, मेंढरांच्या खुरांची बारीक नक्षी होती. आमच्या चाकांच्या खुणा पुसलेल्या. मी तात्यांना म्हणालो, “मेंढरं गेलीत सगळीकडनं. म्हणजे जमीन—”

“मेंढरू हलकं. हिरीवरनंबी जातं.”

“सांगून टाकू साहेबांना. विहीर सापडत नाही म्हणू.”

“मग म्हनत्याल, फाटा कुनी काडला. गाडी कोन चालवत हुतं. डायवर कुठं हुता.” त्यांच्या कपाळावर घाम होता. “त्ये हुंद्या. तुमी सांगा, पाय तुमचं हायती. ऊन-गार कळतं का?”

माझं सगळं पांडित्य तळव्यांत जाऊन उभं राहिलं होतं. कळतं, असं मी म्हणालो. खरं होतं की नाही ते ठाऊक नाही.

तात्यांनी डोक्यावरचा पटका सोडला आणि माझ्या डोक्याला बांधला. घट्ट, कपाळ दुखेपर्यंत. “मला लाल तेवडं दिसतं,” ते म्हणाले. “आता फाटा तुमीच.”

मी चपला काढल्या आणि तात्यांची काठी घेतली. साहेबांनी विचारलं, “हे काय चाललंय?” तात्या गाडीत बसता बसता म्हणाले, “आमचं सायब म्होरं चालत्यात. आमच्याकडं तशी रीत हाय.”

साहेबांना वाटलं, हा त्यांच्या सन्मानाचा भाग आहे. एक वर्ग दोनचा अधिकारी लाल पटका बांधून अनवाणी आपल्या गाडीपुढे चालतो आहे, हे त्यांना अतिशय रुचलं. त्यांनी किंचित मान झुकवून परवानगी दिली.

मी चाललो. मागे इंजिनाची गुरगुर एकसारखी, दहा हातांवर. ती थांबणार नव्हती, कारण गाळात थांबायचं नसतं. मी थांबलो तर ती माझ्यावर येणार होती. मी चुकलो तर ती माझ्यामागून विहिरीत जाणार होती. काठीने पुढे टोचायचं, पाऊल टाकायचं. चटका. पाऊल. चटका. तळवे भाजत होते आणि एवढं सुख मला कशानेच कधी झालेलं नाही. मागून साहेबांचा आवाज येत होता. ते तात्यांना गाळाच्या सुपीकतेबद्दल माहिती देत होते. पाऊल. चटका. दीडदोनशे पावलं झाली असतील.  मला वाटू लागलं, विहीर मागे गेली, सुटलो. आणि उजवं पाऊल गार लागलं.

काठी पुढे टोचली. ती अर्ध्याहून जास्त आत गेली. काहीही अडवलं नाही तिला.

 काठी तिथेच सोडून मी उजवीकडे वळलो आणि आडवा चालू लागलो, पळावंसं वाटत असताना चालू लागलो, कारण पळालो तर लाल रंग त्यांच्या नजरेतून सुटला असता. पाऊल, गार. पाऊल, गार. पाऊल, कोमट. पाऊल, चटका. मी मान वळवली. जीप वळत होती. तात्या पुढे वाकून, काचेला नाक लावून, डोळे बारीक करून माझ्या डोक्याकडे बघत होते. डावं पुढचं चाक माझ्या उभ्या काठीला घासून गेलं. मागचं चाक गेलं तेव्हा काठीच्या पलीकडचा सगळा गाळ, पाचसहा हातांचा गोल, एकदम हलला. दुधावरची साय हलते तसा. मग पुन्हा निपचित झाला. नक्षीही मोडली नाही.

पलीकडे साहेब उतरले, हार घातला गेला, फोटो निघाला. साहेबांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “आजकाल ही अदब राहिलेली नाही. छान वाटलं.”

भाषण सुरू झाल्यावर मी तात्यांना शोधलं. ते गाडीभोवती फिरून पत्र्यावर तळहात फिरवत होते. सगळ्या बाजू झाल्यावर ते चाकाला टेकून खाली बसले.  “ओरखडा न्हाय,” ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावरून पटका काढून घेतला, त्याची एक चिंधी फाडली आणि मांडवातला कोणीतरी बरोबर घेऊन काठीला बांधायला गेले.  जाताना म्हणाले, “नवस समजलासा व्हय?”

चार महिन्यांनी तात्या निवृत्त झाले, ड्रायव्हर म्हणून. त्या पाच पायांच्या बैलाखाली त्यांचा सत्कार झाला. एकही अपघात नाही, याचा उल्लेख तीन वक्त्यांनी केला. मी चौथा होतो. मी म्हणालो की त्यांनी मला भ्यायला शिकवलं. लोकांना तो विनोद वाटला. मग त्यांनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली, आणि माझी बदली झाली.

ते मला शेवटचे भेटले ते दोन वर्षांनी. मी भिगवणहून बारामतीकडे निघालो होतो. तोपर्यंत मी जुनी जीप विकत घेतली होती आणि स्वतः चालवत होतो. रस्त्याच्या कडेला तात्या उभे होते, जाड भिंगांचा चष्मा, डोक्याला नवा लाल पटका. बारामतीला चष्म्याची काडी बदलायला निघाले होते. मी त्यांना पुढे बसवलं. त्यांनी अंगठे बाहेर आहेत का ते पाहिलं. आहेत म्हटल्यावर समाधानाने मागे टेकले.

 समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते, दोन-दोन ट्रॉल्या झुलवत. एक एस.टी. त्यांना ओलांडून आमच्या अंगावर आली आणि ऐन वेळी आत घुसली. एक मोटारसायकल तिघांना घेऊन मधूनच गेली. तात्यांनी एका हाताने पुढची दांडी धरली, मग दोन्ही हातांनी.

“सायब,” ते अखेर म्हणाले, “ह्ये सगळं असं दिसत असतं व्हय गाडीतनं?”

“रोजच.”

“आनि मी शेवटची तीन वर्सं ह्येच्यातनं—” ते थांबले. “हुबी करा गाडी.”

मी बाजूला घेतली. त्यांनी चपला काढून सीटवर ठेवल्या, चष्मा नीट केला, उतरले आणि गाडीपुढे चालू लागले. लाल पटक्याचा रोख धरून मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे मागे गेलो. मागे वाहनांची रांग लागली होती.

रस्ता डांबरी होता, आणि बारामती अजून अठरा किलोमीटर होती.